कामकरी टेरियरचे शेपूट आणि पाच दिवसांची मुदत

टेरियर हा बिळात शिरून काम करणारा कुत्रा आहे. बिळात दडलेल्या प्राण्याला एक तर बाहेर पिटाळायचे, नाही तर तो जिथे असेल तिथेच त्याला अडवून धरून सारखे भुंकत राहायचे, म्हणजे वर कुदळ-फावडे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला आवाजाच्या अनुरोधाने नेमके कुठे खणायचे ते कळते, असे हे काम ब्रिटनमधील शेतकरी, शिकारी आणि शिकारपक्ष्यांचे राखणदार यांनी काही शतके या लहानखुऱ्या कुत्र्यांकडून करून घेतले. तांबडे खोकड हे या कामातले मुख्य सावज. त्याखेरीज गोठ्यातले आणि धान्याच्या कोठारातले उंदीर-घुशी मारणे, कुंपणाच्या झुडपांतून ससे उठवणे ही टेरियरची रोजची कामे होती आणि काही प्रमाणात आजही आहेत. खोकड ज्या अरुंद वाटेने जाते त्या वाटेने कुत्र्यालाही जाता आले पाहिजे, म्हणून जॅक रसेल टेरियरची पारख करताना त्याच्या खांद्यांच्या मागे छातीला दोन्ही हातांचा वेढा घालतात आणि अंगठ्याला अंगठा व बोटांना बोटे टेकतात की नाही ते पाहतात. ती टेकली नाहीत तर बाकीचे गुण कितीही चांगले असले तरी तो कुत्रा बिळातल्या कामाला बाद समजला जातो.

या जातीला ज्यांचे नाव मिळाले ते जॉन रसेल हे डेव्हन परगण्यातले धर्मोपदेशक होते. ऑक्सफर्डला शिकत असताना, १८१९ साली, त्यांनी एका दूधवाल्याकडून ‘ट्रम्प’ नावाची पांढरी कुत्री विकत घेतली आणि तिच्यापासून पुढे जी पैदास केली तीत दिसण्यापेक्षा कामाला महत्त्व दिले, असे तिच्या वंशाबद्दल परंपरेने सांगितले जाते. रसेल यांचे निधन १८८३ साली झाले, तोवर कुत्र्यांची प्रदर्शने सुरू झाली होती, १८७३ साली केनेल क्लबही स्थापन झाला होता आणि प्रत्येक जातीचे रूप कसे असावे हे कागदावर लिहिले जाऊ लागले होते. शेपटीच्या प्रश्नात हा काळ महत्त्वाचा आहे, कारण तोपर्यंत जी गोष्ट कामाच्या सोयीसाठी म्हणून काही ठिकाणी केली जात होती ती या लिखित मानदंडांमुळे जातीचे लक्षण ठरली. फॉक्स टेरियर, वेल्श टेरियर, लेकलँड टेरियर, नॉरफोक टेरियर यांची शेपटी आखूडच असायची असे ठरून गेले आणि जे पिल्लू कधी बीळ पाहणारही नव्हते त्याचीही शेपटी जन्मानंतर काही दिवसांत छाटली जाऊ लागली.

शेपूट छाटण्याची चाल मात्र टेरियरहून पुष्कळ जुनी आहे आणि तिची कारणे काळागणिक बदलत आली आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन कृषिलेखक कोलुमेला याने आपल्या शेतीवरील ग्रंथात मेंढपाळांची एक रीत नोंदवली आहे: पिल्लू चाळीस दिवसांचे झाले की त्याच्या शेपटीचे टोक दातांनी तोडावे, म्हणजे त्याला पिसाळण्याचा रोग होत नाही. पिसाळण्याचा आणि शेपटीचा काही संबंध नाही हे आज सांगावे लागत नाही. ब्रिटनमध्ये १७९६ साली कुत्र्यांवर कर बसवण्यात आला, तो १८८२ पर्यंत चालू होता, आणि शेपूट छाटलेल्या कामाच्या कुत्र्याला या करातून सूट मिळे म्हणून लोक शेपटी छाटू लागले, असे अनेक लोकप्रिय पुस्तकांत सांगितलेले असते. परंतु त्या कराच्या रचनेत शिकारीच्या कुत्र्यांवरचा दर इतरांपेक्षा चढा होता, त्यामुळे ही कथा मूळ चालीचे स्पष्टीकरण म्हणून टिकत नाही. एक कारण लटके पडले की दुसरे पुढे येते आणि चाल तशीच राहते, हे शेपूटछाटीच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते, आणि म्हणूनच आज दिले जाणारे कारण तरी नीट तपासून घेणे भाग आहे.

टेरियरच्या बाबतीत आज दिली जाणारी कारणे दोन आहेत. पहिले असे की, काटेरी झुडपांत आणि दगडी भिंतींच्या फटींत काम करताना लांब शेपटीचे टोक सोलवटते. या दुखापतीला क्षुल्लक म्हणणे अन्यायाचे होईल. शेपटीच्या टोकाला मांस जवळजवळ नसते, कातडी पातळ आणि ताणलेली असते, रक्तपुरवठा कमी असतो आणि कुत्रा आनंदात असला की तेच टोक दारावर, भिंतीवर, पिंजऱ्याच्या गजावर आपटत राहते, त्यामुळे धरलेली खपली पुन्हा निघते, बांधलेली पट्टी निसटते आणि भिंतीवर रक्ताचे शिंतोडे उडालेले दिसतात. अशी जखम महिनोन्‌महिने चिघळली तर शेवटी पूर्ण भूल देऊन शेपटी कापावी लागते, आणि मोठ्या वयातली ही शस्त्रक्रिया कुत्र्याला व मालकालाही त्रासाची असते. दुसरे कारण केवळ टेरियरपुरते आहे. बिळात अडकलेल्या किंवा बाहेर यायला तयार नसलेल्या कुत्र्याला खणणारा माणूस शेपटीला धरून ओढतो, आणि त्यासाठी मुठीत मावेल एवढी, बुंध्याकडची जाड शेपटी असावी, टोकाचा बारीक भाग नसावा, असे टेरियरवाले सांगतात. कामकरी टेरियरची शेपटी मुळापासून न छाटता साधारण चार बोटांची मूठ बसेल एवढी ठेवण्याची रीत यातूनच आली.

या दोन्ही कारणांचे वजन करण्याआधी छाटणीत नेमके काय होते ते पाहिले पाहिजे. कुत्र्याच्या शेपटीत साधारणपणे वीस मणके असतात, जातीनुसार ते सहापासून तेवीसपर्यंत असू शकतात, आणि पाठीच्या कण्याचाच तो पुढे वाढलेला भाग असल्याने त्या मणक्यांभोवती स्नायू, स्नायूंच्या दोऱ्या, रक्तवाहिन्या आणि दोन्ही बाजूंनी निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्या असतात. पिल्लू तीन ते पाच दिवसांचे असताना एक तर कात्रीने वा तत्सम हत्याराने शेपटीचा ठरलेला भाग कापून टाकतात, नाही तर तिथे घट्ट रबरी कडे चढवून रक्तपुरवठा तोडतात आणि पुढचा भाग काही दिवसांत सुकून गळून पडतो. एवढ्या लहान पिल्लांच्या बाबतीत भूल देण्याची प्रथा नव्हती, कारण नवजात पिल्लाला वेदना कळत नाहीत अशी पक्की समजूत होती.

या समजुतीचा आधार असा सांगितला जाई की, मज्जातंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध द्रव्याचे जे आवरण असते आणि ज्यामुळे संवेदना वेगाने वाहते, ते नवजात पिल्लात पुरते तयार झालेले नसते. निरीक्षण बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. कारण सततची, ठसठसणारी वेदना ज्या सूक्ष्म तंतूंतून वाहते त्यांवर प्रौढ प्राण्यातसुद्धा मायलिनचे आवरण नसते, आणि मेंदूकडून खाली येऊन वेदनेचा जोर कमी करणारी यंत्रणा मात्र नवजात जिवात अजून तयार झालेली नसते. म्हणजे वेदना कमी नव्हे, तर अधिकच तीव्र असण्याची शक्यता राहते. माणसाच्या बाळांबाबतही वैद्यकाने हीच चूक विसाव्या शतकात दीर्घकाळ केली होती आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर जेमतेम भुलीत शस्त्रक्रिया होत होत्या. भारतात जन्मलेले डॉक्टर कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये केलेले आणि १९८७ साली प्रसिद्ध झालेले संशोधन ही समजूत मोडण्यास मोठ्या प्रमाणावर कारणीभूत ठरले. पिल्लांच्या बाबतीत ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डॉबरमन, रॉटवायलर आणि बूव्हिए जातींच्या ५० पिल्लांचे छाटणीच्या वेळचे वर्तन नोंदवले आहे: सर्व पिल्ले छाटताना पुन्हा पुन्हा किंचाळली, आणि त्यांचा आवाज थांबायला सरासरी १३८ सेकंद लागले. त्यानंतर ती झोपी जातात, आईला लुचतात, यावरून त्यांना काही झालेच नाही असे समर्थक म्हणतात. पण आईच्या कुशीत शिरून शांत होणे हा दुखावलेल्या पिल्लाचाही धर्म आहे. याखेरीज, कापलेल्या मज्जातंतूच्या टोकाशी कधी कधी तंतूंची गाठ तयार होते, जिला वैद्यकात न्यूरोमा म्हणतात, आणि ती पुढे दीर्घकाळ दुखत राहू शकते. छाटलेल्या शेपटीच्या बुंध्यात अशा गाठी आढळल्याची नोंद १९९० साली सहा कुत्र्यांच्या बाबतीत झालेली आहे.

शेपटी गेल्याने आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे बोलण्याचे साधन. कॅनडातील व्हिक्टोरिया विद्यापीठातील दोन संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात कुत्र्याच्या आकाराचे यंत्र तयार करून त्याला कधी लांब तर कधी आखूड शेपटी लावली, ती कधी हलती तर कधी स्थिर ठेवली आणि मोकळ्या सोडलेल्या कुत्र्यांची वागणूक पाहिली. लांब शेपटी हलत असली की मोठे कुत्रे तिच्याकडे अधिक निःशंकपणे जात आणि ती स्थिर असली की बिचकत. आखूड शेपटीच्या बाबतीत मात्र हलण्या-न हलण्याने त्यांच्या वागण्यात असा फरक पडत नव्हता, म्हणजे निरोप पोचतच नव्हता. महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या पठारावर सशामागे धावणारे कारवानी कुत्रे ज्यांनी वळणे घेताना पाहिले आहेत त्यांना शेपटीचा तोल सांभाळण्यातला वाटा निराळा समजावून सांगायला नको. दख्खनच्या शिकाऱ्यांनी त्या जातीची लांब, बारीक शेपटी आहे तशीच ठेवली.

ब्रिटनच्या कायद्याने या प्रश्नात हळूहळू पावले टाकली. प्रारंभी पिल्लांचे डोळे उघडण्यापूर्वी, म्हणजे साधारण दहा-चौदा दिवसांच्या आत, पैदास करणारा कोणीही स्वतः शेपटी छाटू शकत होता. पशुवैद्यकांच्या व्यवसायाचे नियमन करणाऱ्या १९६६ च्या कायद्यात दुरुस्ती होऊन १ जुलै १९९३ पासून हा अधिकार सामान्य माणसाकडून काढून घेण्यात आला आणि छाटणी केवळ पशुवैद्यकाच्या हाती राहिली. त्याआधीच, नोव्हेंबर १९९२ मध्ये, पशुवैद्यकांच्या शाही महाविद्यालयाने, म्हणजे त्या व्यवसायाची नोंदणी आणि शिस्त पाहणाऱ्या संस्थेने, उपचारासाठी किंवा दुखापत टाळण्याच्या समर्थनीय कारणासाठी नसलेली छाटणी व्यवसायनीतीला धरून नाही असे जाहीर केले होते. परिणाम असा झाला की बहुतेक पशुवैद्यक छाटणीला नकार देऊ लागले, पण जे तयार होते त्यांच्याकडे पैदासकारांची रीघ लागली, आणि ‘दुखापत टाळण्यासाठी’ या शब्दांत जातीच्या रूपासाठी केलेली छाटणीही खपून जाऊ लागली.

२००६ च्या प्राणिकल्याण अधिनियमाने इंग्लंड आणि वेल्समध्ये या गोंधळाला आळा घातला. हे विधेयक चर्चेला आले तेव्हा शेपूटछाटीच्या प्रश्नावर सदस्यांना पक्षादेशातून मोकळे ठेवून मतदान घेण्यात आले, आणि त्यातून जो मार्ग निघाला तो असा की, छाटणीवर सरसकट बंदी, पण कामाच्या कुत्र्यांना अपवाद. अधिनियमाच्या कलम ६ नुसार वैद्यकीय उपचार वगळता कुत्र्याची शेपटी पूर्णपणे वा अंशतः काढणे हा गुन्हा आहे. ही तरतूद वेल्समध्ये २८ मार्च २००७ पासून आणि इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २००७ पासून लागू झाली. ‘प्रमाणित कामकरी कुत्रा’ या संज्ञेत बसणाऱ्या पिल्लाला मात्र सूट आहे. पोलीस आणि कायद्याची अंमलबजावणी, सैन्य, आपत्कालीन बचाव, उपद्रवी प्राण्यांचा कायदेशीर बंदोबस्त आणि कायदेशीर बंदुकी शिकार ही कामे या संज्ञेसाठी मान्य आहेत. पिल्लू पाच दिवसांहून मोठे असता कामा नये, आणि ते अशा एखाद्या कामासाठी वापरले जाण्याचा संभव आहे असे पशुवैद्यकाने लेखी प्रमाणित केलेले असले पाहिजे. अधिनियमाचा भंग झाल्यास सुरुवातीला काही महिन्यांच्या कैदेची शिक्षा होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती कमाल पाच वर्षांपर्यंत वाढली, त्यामुळे हा आता किरकोळ अपराध राहिलेला नाही.

या दाखल्याचा कागद जवळून पाहण्यासारखा आहे, कारण अपवादाचा सगळा भार त्याच्यावर आहे. पशुवैद्यकासमोर पिल्लांबरोबर त्यांची आई आणावी लागते, म्हणजे जात वा प्रकार पाहून ठरवता येतो. मालकाने किंवा त्याच्या प्रतिनिधीने पिल्ले कामासाठी आहेत असे लेखी निवेदन द्यायचे असते. त्याच्या जोडीला पुरावा लागतो, आणि टेरियरच्या बाबतीत तो बंदुकीचा चालू परवाना असू शकतो किंवा शिकारपक्ष्यांच्या राखणदाराने, जमीन कसणाऱ्याने अथवा उपद्रवी प्राण्यांचा बंदोबस्त करणाऱ्या माणसाने दिलेले पत्र असू शकते, ज्यात या पैदासकाराचे कुत्रे पूर्वी कामाला वापरले गेले आहेत एवढे म्हटलेले असते. यानंतर पशुवैद्यक सही करतो, आणि तीन महिन्यांच्या आत पिल्लाच्या कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवावी लागते. नियम काटेकोर आहेत, पण ते सगळे मालकाबद्दल आणि आईबद्दल आहेत. ज्या जिवाची शेपटी जाणार त्याच्याबद्दल चौथ्या-पाचव्या दिवशी काहीच सांगता येत नाही: त्याचे डोळे उघडलेले नसतात, कान बंद असतात, ते धीट निघेल की भित्रे, त्याची छाती दोन हातांच्या वेढ्यात मावेल की नाही, हे कळायला अजून कित्येक महिने जायचे असतात. एका वेताच्या पाच-सहा पिल्लांपैकी कामाचे एखाद-दुसरे निघते आणि बाकीची घरात पाळायला विकली जातात, ही टेरियर पाळणाऱ्यांनाही मान्य असलेली गोष्ट आहे. तरीही दाखला सगळ्या वेताला मिळू शकतो आणि सगळ्यांच्या शेपट्या छाटल्या जातात.

प्रदर्शनांबाबत हा कायदा अधिक कठोर आहे, आणि योग्यच आहे. प्रेक्षकांकडून प्रवेशमूल्य घेतले जाते अशा कोणत्याही कार्यक्रमात, बंदी लागू झाल्यानंतर छाटणी झालेला कुत्रा दाखवणे गुन्हा आहे, मग ती छाटणी इंग्लंडमध्ये झालेली असो वा परदेशात. केवळ कामाचे कसब दाखवायचे असेल तर प्रमाणित कुत्र्याला सवलत आहे. त्यामुळे बर्मिंगहॅमला भरणाऱ्या क्रफ्ट्‌स या जगप्रसिद्ध प्रदर्शनात आज रूपासाठी स्पर्धा करणारे टेरियर लांब शेपटीचे दिसतात. ज्या मानदंडांनी आखूड शेपटीला सौंदर्य ठरवले होते त्यांची पकड यामुळे एका पिढीत ढिली झाली.

कायद्याच्या पुढचा प्रश्न पुराव्याचा आहे, आणि इथे आकड्यांकडे सावधपणे पाहावे लागते. एडिंबरा येथे १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पशुरुग्णालयात आलेल्या १२,१२९ कुत्र्यांपैकी ४७ जणांच्या शेपटीला दुखापत आढळली. लंडनच्या शाही पशुवैद्यक महाविद्यालयातील संशोधकांनी २०१० साली १,३८,२१२ कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, त्यांत अशा २८१ दुखापती होत्या, आणि त्यांच्या हिशेबाने एक दुखापत टाळायची तर सुमारे ५०० कुत्र्यांच्या शेपट्या छाटाव्या लागतील. या अभ्यासात स्पॅनियल जातींबरोबरच ग्रेहाउंड आणि व्हिपेट यांनाही धोका जास्त असल्याचे दिसले. पण ग्रेहाउंडची शेपटी छाटावी असे कोणी कधी म्हटलेले नाही, कारण त्या जातीचे रूपच लांब शेपटीचे मानले गेले आहे. दुखापतीचे भय आणि परंपरा या दोहोंपैकी छाटणीमागे खरा जोर कोणाचा आहे, ते या एका गोष्टीवरून पुरेसे उघड होते.

तथापि या अभ्यासांत घरगुती कुत्रे बहुसंख्य होते, कामाचे कमी, असा आक्षेप शिकारी मंडळींनी घेतला आणि तो रास्त होता. म्हणून स्कॉटलंडच्या शासनाने ग्लासगो विद्यापीठाकडून खास कामाच्या कुत्र्यांची पाहणी करवून घेतली आणि तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. मालकांनी दिलेल्या माहितीनुसार २,८६० कामकरी कुत्र्यांपैकी १३.५ टक्के कुत्र्यांना एका शिकार-हंगामात शेपटीची निदान एक दुखापत झाली होती. न छाटलेल्या स्पॅनियलमध्ये हे प्रमाण निम्म्याहून अधिक, म्हणजे ५६.६ टक्के होते. माहिती स्वेच्छेने भरून दिलेली असल्याने ज्यांच्या कुत्र्याला इजा झाली त्यांनीच ती अधिक उत्साहाने भरली असण्याचा संभव आहे, तरी इतका मोठा फरक केवळ त्याने झटकता येत नाही. ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्यांत नाक घालून शेपटी सारखी झपाझप हलवत पक्षी उठवणे हे स्पॅनियलचे कामच आहे. त्याच संशोधनातून असेही दिसले की टोकाचा एक तृतीयांश भाग काढणे पुरेसे होते, त्याहून आखूड करून जास्त लाभ नव्हता. याच विद्यापीठाच्या, पशुरुग्णालयांच्या नोंदींवर आधारलेल्या दुसऱ्या अभ्यासात मात्र एका स्पॅनियलची शेपटी पुढे कापावी लागू नये म्हणून सुमारे ३२० पिल्लांची छाटणी करावी लागेल असा हिशेब निघाला. दुखापत कशाला म्हणायचे, साध्या ओरखड्याला की शस्त्रक्रिया करावी लागेल अशा जखमेला, यावर उत्तर किती बदलते ते या दोन आकड्यांच्या अंतरावरून समजते.

स्कॉटलंडने या पुराव्याचे जे केले ते टेरियरच्या दृष्टीने निर्णायक आहे. तेथे २००७ पासून छाटणीवर कामाच्या कुत्र्यांसकट पूर्ण बंदी होती, आणि छाटणीसाठी कुत्र्याला स्कॉटलंडबाहेर नेणे हाही गुन्हा होता. २०१७ साली तेथील संसदेने बंदी थोडी सैल केली आणि स्पॅनियल तसेच सावज हुडकून, त्याच्याकडे रोखून उभे राहून, नंतर ते उचलून आणणाऱ्या जातींच्या पिल्लांची शेपटी टोकाकडून जास्तीत जास्त एक तृतीयांशापर्यंत आखूड करण्यास परवानगी दिली. टेरियरला ही सवलत मिळाली नाही, कारण त्यांच्या बाबतीत तसा पुरावाच नव्हता. त्याच बेटावर इंग्लंडच्या विनियमांत मात्र ‘कोणत्याही प्रकारचे टेरियर किंवा त्यांचे मिश्रण’ एवढी मोकळी व्याख्या आहे. कंब्रिया परगण्यात जन्मलेल्या जॅक रसेल पिल्लाची शेपटी दाखल्यावर छाटता येते, आणि तेथून सीमा ओलांडून काही मैल उत्तरेला जन्मलेल्या त्याच रक्ताच्या पिल्लाची छाटली तर तो गुन्हा ठरतो; दोघांची बिळे, दोघांचे उंदीर, दोघांची झुडपे एकसारखीच असतात.

या सीमेवरच्या चेव्हियट डोंगरांत वाढलेली एक टेरियर जात आहे, तिचे नाव बॉर्डर टेरियर. खोकडाच्या बिळात शिरण्यासाठीच ती तयार झाली, लांब पल्ल्याची दौड घोड्यांबरोबर करून मग जमिनीखाली काम करण्याची तिची ख्याती आहे, आणि तिची शेपटी छाटण्याची चाल कधीच नव्हती. बुंध्याशी जाड आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली ही मध्यम आखूड शेपटी निसर्गतःच मुठीत बसते आणि बिळातून कुत्र्याला ओढायचे तर बुंध्याशीच धरले जाते. स्कॉटलंडचे केर्न टेरियर आणि वेस्ट हायलँड व्हाइट टेरियर दगडांच्या ढिगाऱ्यांत काम करण्यासाठी वाढवले गेले, तरी त्यांच्याही शेपट्या परंपरेने छाटल्या जात नाहीत. मुठीत धरण्याच्या सोयीसाठी छाटणी आवश्यक असती तर ती सर्वांत आधी या जातींत दिसायला हवी होती. वेल्सने २००७ च्या आपल्या विनियमांत टेरियरची व्याख्या इंग्लंडइतकी सैल न ठेवता जॅक रसेल, केर्न, लेकलँड आणि नॉरफोक या चारच जातींना सूट दिली आणि संकरांना वगळले, ही सावधगिरी चांगली. परंतु त्या चारांत केर्नचा समावेश व्हावा, जिची शेपटी छाटण्याची चालच नाही, यावरून यादी कामाच्या गरजा मोजून केलेली नव्हती असेच म्हणावे लागते.

दरम्यान, ज्या कामासाठी हे सगळे करायचे ते कामही आक्रसले आहे. बॅजरला कुत्र्यांशी झुंजवण्याचा क्रूर खेळ १८३५ सालीच बेकायदा ठरला होता आणि १९९२ च्या बॅजर संरक्षण अधिनियमाने त्या प्राण्याची घरेही संरक्षित केली. २००४ चा शिकार अधिनियम १८ फेब्रुवारी २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू झाला, आणि वन्य सस्तन प्राण्यांची कुत्र्यांकरवी शिकार बंद झाली. जमिनीखाली टेरियर सोडण्याची मुभा एका अरुंद अपवादात उरली: शिकारीसाठी राखलेल्या पक्ष्यांचे गंभीर नुकसान टाळायचे असेल तरच, एका वेळी एकच कुत्रा, जमीनमालकाची लेखी परवानगी जवळ बाळगून, आणि खोकड बाहेर येताच त्याला गोळी घालता येईल अशा तयारीने. मेंढीची कोकरे वाचवण्यासाठी टेरियर बिळात सोडणे या अपवादात बसत नाही. उंदीर आणि ससे यांच्यामागे कुत्रे सोडायला मोकळीक आहे, पण ते काम बहुतेक जमिनीच्या वर, कोठाराच्या अंगणात आणि कुंपणाच्या कडेने होते, आणि तेथे कुत्र्याला शेपटीला धरून ओढून काढण्याची वेळ क्वचितच येते. शेपटीच्या मुठीचे कारण ज्या कामात खरे होते ते कायद्याने जवळपास संपवले, आणि दोन वर्षांनी दुसऱ्या कायद्याने त्याच कारणाला सूट दिली. ही विसंगती टेरियरवाल्यांनी निर्माण केलेली नाही, ती विधिमंडळाची आहे.

युरोपात इतरत्र चित्र अधिक स्पष्ट आहे. युरोप परिषदेने १३ नोव्हेंबर १९८७ रोजी स्ट्रासबर्ग येथे पाळीव प्राण्यांच्या संरक्षणाचा जो करार खुला केला त्याच्या अनुच्छेद १० मध्ये केवळ रूप बदलण्यासाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांत शेपूट छाटणे आणि कान कापणे यांची नावे घेतली आहेत. नॉर्वे आणि स्वीडन यांनी १९८० च्या दशकातच बंदी घातली. जर्मनीने १९९८ मध्ये बंदी घालताना शिकारी कुत्र्यांना अपवाद ठेवला. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ मध्ये प्राण्याचे अवयव छाटणे हा गुन्हा सांगितला आहे, आणि त्याच कलमात शिंगे काढणे, खच्चीकरण, डाग देणे आणि वेसण घालणे यांना विहित रीतीने केल्यास वगळले आहे. त्या वगळलेल्या गोष्टींत शेपूट छाटणे नाही. पुण्या-मुंबईत शेपूट कापलेले डॉबरमन आणि बॉक्सर अनेक वर्षे दिसत आले आहेत, आणि त्यांपैकी एकाच्याही बाबतीत बीळ, काटेरी झुडूप किंवा खोकड यांचे निमित्त सांगता येणार नाही.

जनुकशास्त्राने एक वेगळी बाब उजेडात आणली आहे. काही पिल्ले जन्मतःच आखूड शेपटीची असतात, आणि याचे कारण ‘टी’ या जनुकातील एक बदल आहे, हे प्रथम वेल्श कॉर्गीमध्ये आणि २००९ पर्यंत एकूण सतरा जातींमध्ये सिद्ध झाले. त्या सतरांत जॅक रसेल टेरियर आहे. आईकडून आणि वडिलांकडून असा एकेक बदल मिळालेले पिल्लू जन्माला येण्याआधीच दगावते, त्यामुळे अशा दोन कुत्र्यांची जोडी लावणे टाळावे लागते, पण एकच जनक आखूड शेपटीचा असेल तर निम्म्या पिल्लांना ती शेपटी मिळण्याची अपेक्षा धरता येते. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ ब्रूस कॅटनॅक यांनी हाच बदल कॉर्गीशी संकर करून बॉक्सर जातीत आणून दाखवला होता, तेव्हा आखूड शेपटी खरोखरच हवी असलेल्यांसाठी कात्रीशिवायचा मार्ग अस्तित्वात आहे.

इंग्लंडच्या नियमांत मायक्रोचिपची जी अट आहे तिचा उपयोग आज फक्त पिल्लाची ओळख पटवण्यापुरता केला जातो. दाखल्यावर छाटलेल्या प्रत्येक टेरियरचा चिप-क्रमांक नोंदलेला असताना, दोन वर्षांनी त्यांपैकी कितीजण प्रत्यक्ष कामाला लागले आणि कितीजण घरातल्या गालिच्यावर वाढले, हे विचारायला कायद्यात नवीन यंत्रणा उभी करावी लागणार नाही. मालकाने एक अर्ज भरून पाठवण्याची तरतूद पुरेल. ज्या पैदासकाराची बहुसंख्य पिल्ले कामाला लागलेली नाहीत त्याला पुढच्या वेताचा दाखला नाकारता येईल. आणि टेरियरच्या शेपटीला कामात होणाऱ्या इजेची स्पॅनियलसारखीच वेगळी, मोठी पाहणी होऊन ती प्रमाणाबाहेर आहे असे ठरेपर्यंत, इंग्लंड आणि वेल्सने टेरियरला स्कॉटलंडप्रमाणे अपवादाच्या बाहेर ठेवावे.